एकच हातमोजा सगळ्यांना कसा पुरणार?

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षेपाने देतो.

‘आमच्या घरी तीन तऱ्हेची कामे चालतात. सासूबाई आणि गावातल्या चार बायका मिळून मोसमात काजूच्या बिया वाफवून फोडतात. यजमानांचे घराला लागूनच लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करण्याचे वर्कशॉप आहे. धाकटे दीर कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मासे साफ करण्याचे काम करतात. सगळ्यांच्या हातांची दशा बघवेना, म्हणून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून निळ्या ठिपक्यांचे पांढरे सुती हातमोजे दोन डझन आणले. पंधरा दिवसांत एका बाईच्या बोटांना असे फोड आले की तसे पूर्वी कधी आले नव्हते. यजमानांचा हातमोजा ड्रिलमध्ये अडकला. नशीब बलवत्तर म्हणून बोट मुरगळण्यावर निभावले. दिरांना हातमोजा असतानाही शिंगाळ्याचा काटा लागला आणि हात तीन दिवस सुजला. आता घरातले सगळे म्हणतात, हातमोजे नकोतच. माझे चुकले कुठे? सर्वांना चालतील असे हातमोजे कोणते घ्यावेत?’

ताई, सप्रेम नमस्कार.

घरातल्या आणि कामाला येणाऱ्या माणसांच्या हातांची काळजी वाटून आपण स्वतःच्या पैशाने काही आणले, यात आपले काहीही चुकलेले नाही. मात्र सर्वांना चालेल असा हातमोजा अस्तित्वातच नाही, आणि आपल्या घरी घडलेल्या तिन्ही घटनांचे मूळ तिथेच आहे. एका कामात हात राखणारा हातमोजा दुसऱ्या कामात हाताचा घात करू शकतो. हे मी ऐकीव सांगत नाही. मी बरीच वर्षे कारखान्यांमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात ‘वर्कशॉपमध्ये सर्वांनी हातमोजे घालणे सक्तीचे आहे’ असा फलक लावला गेला आणि त्या आदेशावर माझी सही होती. दोन महिन्यांनी ड्रिलिंग मशीनवरच्या एका तरुण कामगाराची तर्जनी गेली. त्याने आदेश पाळला होता. त्यामुळे आपल्या पत्रातल्या ड्रिलच्या ओळीवरून पुढे जाणे मला जमले नाही, आणि उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो.

ड्रिल, लेथ, बेंच ग्राइंडर, पॉलिशचे चाक किंवा तारेचा फिरता ब्रश, थोडक्यात जे यंत्र स्वतःभोवती फिरते, त्याच्यासमोर हातमोजा घालायचा नाही. सुती नाही, कातडी नाही, महागडासुद्धा नाही. मिनिटाला १००० फेरे घेणारे ड्रिल एका सेकंदात सोळा-सतरा वेळा फिरते. धोका लक्षात येऊन माणूस हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद तरी जातो आणि तेवढ्या अवधीत ड्रिलचे चार फेरे पूर्ण झालेले असतात. उघड्या बोटाला ड्रिलची धार लागली तर खरचटते, फार तर कापते. पण हातमोज्याचा एक धागा जरी तिच्यात गुंतला, तरी त्या चार फेऱ्यांत सगळा मोजा आतल्या हातासकट गुंडाळला जातो. मोजा जितका मजबूत, तितका तो तुटायला नाखूश. म्हणूनच चाकूपासून बचाव करणारे न कापणारे हातमोजे इथे सर्वांत घातक ठरतात. आपल्या यजमानांचा मोजा साध्या सुताचा होता आणि तो फाटला, म्हणून बोट वाचले असावे.

तेव्हा छिद्र पाडायची पट्टी हाताने न धरता शिकंज्यात आवळावी, लोखंडाचा भुगा हाताने न झटकता ब्रशने झाडावा, आणि बाह्यांची बटणे, मनगटावरचा गंडा-दोरा व बोटातली अंगठी यांचाही विचार हातमोज्याइतकाच करावा. हातमोजे टांगण्याची खुंटी ड्रिलच्या शेजारी असेल तर ती आजच तिथून हलवा. पत्रे उचलून आणून ठेवताना मोजे घालायचे आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी काढून ठेवायचे, हा क्रम हाताला वळण लागल्यासारखा बसला पाहिजे, आणि खुंटी पत्र्यांच्या ढिगाजवळ असली की तो आपोआप बसतो.

हातात धरून चालवायच्या ग्राइंडरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे दोन्ही हात यंत्राच्या मुठींवर असतात आणि ठिणग्या हातावर येतात, त्यामुळे हाताला घट्ट बसणारे कातडी हातमोजे घालणे योग्य. अट एवढीच, की चाकावरचे संरक्षक कवच काढलेले नसावे आणि मोजा विणलेला किंवा सैल नसावा.

वेल्डिंगसाठी मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारे जाड कातड्याचे हातमोजेच हवेत. ते ठिणग्या आणि वितळलेल्या धातूचे थेंब अडवतात, शिवाय वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीतून (आर्कमधून) येणारे अतिनील किरणही अडवतात, ज्यांनी उघडी कातडी उन्हात भाजावी तशी भाजते. विकत घेताना कातड्यापेक्षा शिवणीकडे अधिक बारकाईने पाहा. स्वस्त मोजा साध्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला असतो. एक ठिणगी पडली की तो दोरा वितळतो आणि अख्खे बोट उसवते, मग कातडे कितीही जाड असले तरी त्याचा काय उपयोग? ॲरामिड धाग्याने शिवलेला मोजा मागावा. हा धागा वितळत नाही. केव्हलार या नावाने जो प्रसिद्ध आहे, तो याच जातीचा. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ महिलेच्या १९६५ मधल्या संशोधनातून तो निघाला. वेल्डिंगच्या बाबतीत आपल्याकडची खरी अडचण मात्र पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर कातडे सुकतच नाही आणि घामाने किंवा पावसाने ओला झालेला कातडी मोजा विजेपासून संरक्षण देत नाही. यजमानांकडे दोन जोड असावेत, एक वापरात आणि एक सुकत. आणि तापलेला लोखंडी तुकडा हातमोजा आहे म्हणून सरळ हाताने उचलण्याची सवय त्यांना असेल तर ती मोडावी. उष्णतेने कातडे आक्रसून कडक होते आणि गरम मोजा हातातून चटकन निघतही नाही. त्यासाठी सांडशी आहे.

पत्रे उचलायच्या मोज्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण दुकानात त्या मोज्यांच्या पाठीवर छापलेले आकडे पाहून ग्राहक गोंधळतो. चांगल्या मोज्यावर ढालीच्या आकारात हातोडीचे चित्र, ‘ईएन ३८८’ ही अक्षरे आणि खाली चार आकडे व एखादे अक्षर असते. हे युरोपीय मानक असले तरी आपल्या बाजारातही हेच चिन्ह दिसते. पहिला आकडा घासण्याला मोजा किती टिकतो ते सांगतो, दुसरा कापण्याला, तिसरा फाटण्याला आणि चौथा भोसकण्याला. त्यापुढचे ‘ए’पासून ‘एफ’पर्यंतचे अक्षर २०१६ च्या सुधारणेत आले आणि पत्र्यासाठी तेच महत्त्वाचे आहे. पूर्वीच्या चाचणीत गोल पाते मोज्यावर पुढे-मागे फिरवत असत; मोज्यात काचेचे किंवा तसे कठीण धागे असले की पात्याचीच धार जाई आणि मोजा उगाच भारी ठरे. नव्या चाचणीत दर वेळी नवे पाते वापरतात आणि ते किती जोराने दाबले असता मोजा कापला जातो ते मोजतात. ‘ए’ म्हणजे २ न्यूटन, ‘सी’ म्हणजे १० न्यूटन आणि ‘एफ’ म्हणजे ३० न्यूटन. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाचा दाब, असे धरून चाला. जाळ्यांच्या कामातल्या पत्र्यांना आणि पट्ट्यांना ‘सी’ किंवा ‘डी’ पुरे होते. एखाद्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर ती चाचणी केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. आपण आणलेल्या ठिपक्यांच्या मोज्यावर यातले काहीच नसणार, कारण तो विटा, पोती, लाकूड असल्या कोरड्या ओझ्यांसाठी, हात घसरू नये म्हणून केलेला असतो. त्या कामाला तो उत्तम आहे, तेव्हा उरलेले जोड फेकू नका.

आता काजूकडे वळतो. आपल्या पत्रातला हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, कारण या बायकांच्या हातांकडे सहसा कोणी पाहत नाही. काळवंडलेली बोटे हा त्या कामाचा भागच आहे असे त्यांनीही मानून घेतलेले असते.

काजूच्या टरफलाच्या बाहेरच्या आणि आतल्या पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात दाट, तपकिरी, तेलकट चीक भरलेला असतो. त्यातले ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल कातडी भाजतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून उततो आणि बिब्बा उततो, तसाच हा. बिया भाजल्या तर यातला बराच चीक जळून किंवा वाहून जातो. वाफवल्या तर टरफल मऊ होते, पण चीक आतच राहतो आणि बी कटरच्या पात्यांमध्ये फुटली की तो थेट बोटांवर येतो.

सुती मोजा इथे काय करतो ते पाहा. उघड्या हातावरचा चीक बाई पुसते, राखेत बोटे चोळते, तेल लावते. सुती मोजा मात्र तो चीक वातीसारखा शोषून घेतो आणि घामाने ओल्या, उबदार कातडीला तासन्‌तास चिकटवून धरतो. बाहेरून मोजा थोडासा डागळलेला दिसतो, आत बोटे चिकात भिजत असतात. त्या भगिनीच्या फोडांचे कारण बहुधा हेच आहे, आणि ‘हातमोजे नव्हते तेव्हा असे नव्हते’ हे तिचे म्हणणे अगदी खरे आहे. तिला खोटे पाडू नका.

मग बाजारातला पिवळा किंवा गुलाबी, भांडी घासायचा रबरी मोजा चालेल का? तोही टिकणार नाही. तो नैसर्गिक रबराचा असतो आणि नैसर्गिक रबर पाणी, साबण व सौम्य आम्ले यांना छान तोंड देते, पण तेलाने फुगून सैल पडते. इथे आणखी एक गोष्ट सांगतो, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सासूबाई आणि इतर बायका पूर्वीपासून हाताला खोबरेल किंवा एरंडेल लावून बिया फोडत असतील. ती रीत मुळीच अडाणी नाही, तेलाच्या थरामुळे चीक कातडीत सहज मुरत नाही. पण तेल लावलेल्या हातावर रबरी मोजा चढवला तर बाहेरून चीक आणि आतून तेल, असे दोन्हीकडून रबर खराब होते.

या कामाला नायट्राइलचे मोजे घ्यावेत. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेल, ग्रीस, डिझेल यांना चांगले तोंड देते. डॉक्टर वापरतात ते निळे, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे पातळ मोजे इथे फार वेळ टिकणार नाहीत, ०.३५ ते ०.४ मिलिमीटर जाडीचे, मनगटाच्या वर चार बोटे तरी येणारे हिरवे मोजे मिळतात, ते घ्या. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो, पण तो सुती मोजा रोज साबणाने धुतला पाहिजे, आणि एकदा चीक लागलेला सुती मोजा पुन्हा वापरायचा नाही. टरफलातून सुईने गर काढणाऱ्या बाईला जाड मोज्यात गर कळत नाही. तिला त्याहून पातळ नायट्राइल द्या, मात्र ते निम्म्या वेळातच बदलायचे हे ठरवून टाका. प्रत्येकीला दोन जोड असावेत, सकाळचा एक आणि जेवणानंतरचा दुसरा. फुगलेला, चिकट झालेला किंवा बोटांपाशी सुरकुतलेला मोजा परत वापरात घेऊ नये.

मोजा काढण्याआधी तो हातात असतानाच साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवावा, नाहीतर काढताना दुसऱ्या हाताला सगळा चीक लागतो. एका काजूच्या शेडमध्ये मी एका बाईला पाहिले होते. हात अगदी नीट राखलेले, पण गालावर आणि मानेवर लाल चट्टे. थोडा वेळ शेजारी उभा राहिलो तेव्हा कळले, दर चार-पाच मिनिटांनी ती मोज्याच्याच हाताने पदर ओढून घाम टिपत होती. तिच्या खांद्यावर एक स्वच्छ पंचा टाकायला लावला आणि घाम दंडाने त्या पंच्यावर टिपायचा असे ठरवले. काचेच्या बांगड्यांचाही विचार करावा लागतो. त्यांच्या कडांनी मोज्याचे मनगट आतून कापले जाते. सवाष्णीला बांगड्या काढा म्हणणे कोणाला रुचत नाही आणि मीही ते म्हणत नाही. बांगड्या वर सरकवून त्यांच्यावर सुती पट्टी गुंडाळावी, एवढे पुरते.

गरावरची तांबडी साल काढण्याच्या वेळी चिकाचा धोका फारसा उरत नाही. तिथे प्रश्न खाण्याच्या वस्तूच्या स्वच्छतेचा असतो, म्हणून पावडर नसलेले पातळ मोजे पुरतात. फोडणीच्या जागेवरचे मोजे मात्र त्या टेबलावर येताच कामा नयेत.

ज्या भगिनीला फोड आले आहेत तिला ते पूर्ण बरे होईपर्यंत बिया फोडायला बसवू नका. फोड फोडू नयेत. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे आणि काजूचा चीक लागल्याचे आवर्जून सांगावे. एकदा शरीराने या चिकाचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या चिकानेही अंग उतू लागते. तसे असेल तर तिला साल काढण्याचे किंवा प्रतवारीचे काम द्यावे, पण तिची मजुरी कमी करू नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपल्या दिरांच्या कामात दोन धोके आहेत आणि त्या दोहोंना एकच समजण्याची चूक जाणती माणसेही करतात. कापणे वेगळे आणि टोचणे वेगळे. सुरीची धार अडवणारा विणलेला मोजा मजबूत धाग्यांचा असतो, पण शेवटी ती वीण आहे आणि शिंगाळ्याचा, म्हणजे आपल्या सांगटाचा, काटा दोन धाग्यांच्या मधून सहज आत शिरतो. सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, डोक्यावरचा करवतीसारखा काटाही तसाच. मघाशी सांगितलेला चौथा, भोसकण्याचा आकडा इथे फारसा कामाचा नाही, कारण ती चाचणी खिळ्यासारख्या जाड टोकाने करतात, सुईसारख्या बारीक काट्याने नव्हे. काट्यावरचा खरा उपाय मोज्यात नाही. साफसफाईला हात घालण्यापूर्वी सांगटाचे पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे असे तिन्ही काटे पकडीने किंवा जाड कात्रीने छाटून टाकावेत. या काट्यांत विष असते. टोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण लाली वर चढू लागली किंवा ताप आला तर घरी थांबू नये. समुद्राच्या पाण्यातल्या आणि मासळीवरच्या काही जीवाणूंमुळे हाताची जखम एका दिवसात गंभीर होऊ शकते, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना तर हा धोका फार मोठा असतो.

सुरीसाठी मात्र न कापणारा मोजा जरूर घ्यावा आणि तो सुरीच्या हातात न घालता मासा धरणाऱ्या हातात घालावा. त्यावर निळा नायट्राइलचा मोजा चढवला की वीण भिजत नाही, आणि मोज्याचा तुकडा अन्नात पडला तर निळ्या रंगामुळे तो लगेच दिसतो. खाण्याच्या पदार्थांत निळा रंग जवळजवळ नसतोच. कालवे उघडण्याचे काम असेल तर स्टीलच्या बारीक कड्यांचा जाळीदार मोजा लागतो. कच्च्या मासळीवरून सॅलडकडे जाताना बाहेरचा मोजा बदललाच पाहिजे. एक सावधगिरी आणखी सांगतो. न कापणारे बहुतेक मोजे एचपीपीई नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याचे असतात आणि तो धागा साधारण १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. त्याच हाताने तव्याची किंवा कढईची मूठ धरली तर मोजा कातडीला चिकटेल. गरम भांड्यासाठी जाड, कोरडा कपडाच घ्यावा. ओल्या फडक्यातून उष्णता पटकन शिरते, हे तर आपण स्वयंपाकघरात रोजच अनुभवतो.

यजमानांच्या वर्कशॉपमध्ये रंगकामही होत असेल, म्हणून थिनरचा उल्लेख करतो. पातळ नायट्राइलचे मोजे घालून थिनरचे काम करणारे रंगारी मी पुष्कळ पाहिले आहेत. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन आणि ॲसिटोनसारखी द्रावके असतात. ती पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच पलीकडे जातात. मोज्याला भोक पडत नाही, रंग बदलत नाही, तरी आत कातडीपर्यंत द्रावक पोहोचलेले असते. याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान या प्राध्यापिकेचे आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेत डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या, मोज्यावर पडले. नियमाप्रमाणे त्यांनी मोजा घातला होता. पुढे चाचण्यांत आढळले, की ते द्रव्य अशा मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पलीकडे जाते. १९९७ च्या जूनमध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. आपल्या वर्कशॉपमधले थिनर इतके जहाल नाही, पण मोजा न फाटता हरतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे. थिनर वापरताना पातळ मोजा फक्त उडणाऱ्या थेंबांसाठी समजावा, थेंब पडला की लगेच बदलावा आणि थिनरने हात धुण्याची पद्धत बंद करावी. सतत थिनरमध्ये हात घालावा लागत असेल तर ब्युटाइल रबराचे जाड मोजे लागतात. ॲसिटोनसारख्या द्रावकांना ते चांगले अडवतात, पण त्यात टोल्युइन जास्त असेल तर तेही फार वेळ टिकत नाहीत. म्हणून मोजे घेताना डब्यावरचे घटक दुकानदाराला दाखवा आणि ‘ईएन आयएसओ ३७४’ हे मानक पाहा. त्यावरचे प्रत्येक अक्षर एकेका रसायनाचे असते, ‘बी’ म्हणजे ॲसिटोन आणि ‘एफ’ म्हणजे टोल्युइन.

विजेच्या कामाला यांपैकी कोणताही मोजा चालत नाही. रबर दिसले की ‘करंट लागणार नाही’ असा समज आपल्याकडे सर्रास आहे आणि त्याने जीव जातात. विजेचे रबरी मोजे वेगळे असतात, त्यांवर आयएस ४७७० हे भारतीय मानक आणि किती व्होल्टपर्यंत चालेल ते छापलेले असते, आणि रबराला भोक पडू नये म्हणून त्यांच्यावर कातडी मोजा घालतात. घरच्या कामात मेन स्विच बंद करणे हाच मार्ग. गवंडीकामासाठी एकच वाक्य: ओले सिमेंट चुन्यासारखे दाहक असते, त्यामुळे त्यात सुती किंवा कातडी मोजा न घालता जाड रबरी किंवा नायट्राइलचा मोजा घालावा. आणि काजूच्या मोहोरावर ढेकण्या या किडीसाठी फवारणी करायची असेल, तर हात वर करून फवारताना औषध मोज्यावरून बाहीत ओघळते; तेव्हा बाही मोज्याच्या आत खोचून मोज्याची कड बाहेर उलटी दुमडावी, म्हणजे ओघळ त्या दुमडीत अडकतो.

राहिला सासूबाईंसारख्यांचा आक्षेप, की मोज्यात बी हाताला लागत नाही. माझ्या अनुभवात यामागे हट्ट क्वचितच असतो. बाजारात येणारे बहुतेक मोजे पुरुषी हाताच्या मापाचे, म्हणजे ९ किंवा १० क्रमांकाचे असतात. आपल्याकडच्या बायकांचा हात बहुधा ७ चा, काहींचा ६ चा. बोटांच्या टोकाला अर्धा इंच मोकळे रबर लोंबत असेल तर बी कळणार कशी, आणि ते लोंबते टोक कटरच्या पात्यात जाणार नाही कशावरून? माप घेणे सोपे आहे. अंगठा सोडून, तळव्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळावा आणि तो मोजपट्टीवर धरावा. जितके इंच भरतील, साधारण तोच मोज्याचा क्रमांक: ७ इंच म्हणजे ७, ८ इंच म्हणजे ८.

आपल्या हवेत मोजे लवकर खराब होतात, ते सांभाळावे लागतात. धुतलेले मोजे उलटे करून, बोटे खाली लोंबतील असे न टांगता वर राहतील असे काठीवर चढवून सावलीत सुकवावेत. उन्हात रबर तडकते. घालण्यापूर्वी मोज्याचे मनगट गुंडाळत आणून आत हवा कोंडावी आणि बोटे फुगवून पाहावीत, बारीक भोक असेल तर हवेची सुरसुर गालाला जाणवते. लेटेक्सचा मोजा घातल्यावर काही मिनिटांत खाज सुटून गांधी उठल्या तर ती व्यक्ती नैसर्गिक रबर सोसू शकत नाही असे समजावे; तिला पुन्हा तो मोजा देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जाण्याआधी सासूबाई आणि चारही बायकांच्या हातांचे दोरे घ्या. प्रत्येक दोऱ्याला मापाच्या जागी गाठ मारून त्यावर नावाची चिठ्ठी बांधा. यजमानांच्या थिनरच्या डब्यावरचे नाव आणि घटक लिहून घ्या, चार-पाच फुटलेली टरफले एका पिशवीत घाला, आणि ठेल्यावरून डझनाने न घेता औद्योगिक सुरक्षेचे सामान विकणाऱ्या दुकानात हे सगळे काउंटरवर ठेवा. पहिल्या खेपेला प्रत्येक प्रकारचा एकच जोड आणा. आठवडाभर वापरून बायका काय म्हणतात ते ऐका आणि मगच उरलेले घ्या.